विजेच्या डोळ्याला तीट

नांदुऱ्याच्या स्टेशनामागं वामनरावांचा शेंगा फोडायचा कारखाना होता. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. शेंगा फोडायला यंत्र होतं, पण दाणे निवडायला बायकाच लागायच्या. पडवीत समोरासमोर दोन रांगा धरून त्या बसत, मांडीवर सूप घेत, आणि मग दिवसभर बोटांपेक्षा तोंडंच जास्त चालत. कोणाची सासू, कोणाचा जावई, कोणाच्या म्हशीचं दूध आटलं, सगळ्याचा निवाडा तिथंच व्हायचा. वामनराव मधूनच खेकसायचे आणि बायका तेवढ्यापुरत्या गप्प बसायच्या.

तुळशीचं लग्न आटोपलं आणि बातमी आली की मुंबईहून एक मशीन येणार. त्याला म्हणे विजेचा डोळा असतो. दाणे त्याच्यासमोरून एकेक करून पडतात, काळा किंवा बुरशी आलेला दाणा दिसला की मशीन वाऱ्याची फुंकर मारून तो बाजूला उडवतं. ऐकून बायकांनी सुपं खाली ठेवली.

"फुटो मेल्याचा डोळा!" विमलबाई म्हणाली. "आपून काय मंग घरी बसून माशा मारायच्या?"

साऱ्या पडवीनं तिची री ओढली. एकट्या गोजरबाईनं ओढली नाही. ती मान खाली घालून दाणे चिवडत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याचं कारण तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभरापासून तिला सुपातलं नीट दिसत नव्हतं. समोरचं सगळं कसं पाणी घातलेल्या दुधासारखं. पिचका दाणा बोटांना कळायचा, खडा कळायचा, टरफलाचा तुकडा कळायचा. पण गुलाबी कोणता आणि काळा कोणता हे बोटांना कुठून कळणार? चष्मा करावा तर वामनरावांनी एकदा सगळ्यांदेखत बोलून ठेवलं होतं, चष्मेवाली बाई निवडणीला नको. जिच्या सुपात काळे दाणे सापडत तिची रवानगी मागच्या आवारात व्हायची, टरफलं भरायला. तिथं दिवसभर धूळ आणि एकटेपणा. गोजरबाईचा नवरा कधीच गेला होता, लेक शेगावला नांदत होती. घरी गेल्यावर बोलायला भिंती. तिचं जे काही गणगोत होतं ते या पडवीत होतं, आणि ती पडवी सुटणार या धास्तीनं तिला रात्री घास गोड लागत नसे.

गंमत अशी की वर्षभर काही उघडकीला आलं नव्हतं. आपली बोटंच शहाणी झाली असावीत, असा तिचा समज. पण मशीनची बातमी आल्यावर विमलबाई चार दिवस भाचीच्या लग्नाला दुसरबीडला गेली, आणि त्याच आठवड्यात निवडलेल्या ढिगात काळे दाणे निघू लागले. वामनरावांनी ओंजळ भरून सगळ्यांसमोर धरली.

"कोनाचं सूप हे? आता मशीन येऊन राह्यलं म्हनून सोडतो. मशीन नाई चाललं, तर एकेकीचं सूप तपासीन."

त्या दिवसापासून गोजरबाई मशीनची वाट पाहू लागली. लेकीच्या बाळंतपणाची पाहिली नसेल इतकी.

मशीन आलं ते पेटीतून, मालगाडीनं, आणि त्याच्यासोबत आला सईद. मुंबईच्या कंपनीचा माणूस म्हणून बायका पदर सावरून बसल्या, तर हा निघाला रोहिणखेडचा. रोहिणखेडच्या मशिदीजवळचं घर म्हटल्यावर रांगेतल्या जनकाबाईनं त्याच्या आईचं नाव सरवरी असल्याचंही शोधून काढलं. मग कसला साहेब अन् कसलं काय. दुपारी प्रत्येकीच्या भाकरीतला तुकडा त्याला जाऊ लागला.

सईद मात्र कामाला वाघ होता. त्यानं आधी जमीन तपासली. मेल गाडी धडधडत गेली की पडवी हादरायची, आणि हादरलेला डोळा काय पाहणार? म्हणून त्यानं ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून मशीनच्या पायांखाली घातले आणि मग बोल्ट आवळले. वर दाण्यांची पेटी बसवली, खाली उतरती पन्हळ. पन्हळीच्या तोंडाशी दोन दिवे, आणि त्यांच्या मधोमध कॅमेऱ्याला असतं तसं काचेचं भिंग. भिंगासमोर एक रंगीत पट्टी लावायची होती. तीच खरी मेख. पट्टीचा रंग चांगल्या दाण्यासारखा हुबेहूब जमला, की चांगला दाणा डोळ्याला दिसतच नाही आणि सरळ खाली जातो. जो वेगळा दिसतो तोच उडतो. सईदकडं गुलाबी-तांबूस पट्ट्यांचा गठ्ठा होता. तो एकेक लावायचा, मूठभर दाणे सोडायचा, मान हलवायचा आणि दुसरी लावायचा. दुकानात लुगड्याचा काठ जुळवायला बसलेल्या बाईसारखं त्याचं चाललं होतं.

गोजरबाई येता-जाता त्याच्याजवळ रेंगाळायची.

"बाबू, हे चालन ना रे?"

"चालन म्हंजे? पळन, मावशी."

"मंग बायकाइले काय काम राहीन?"

"मशीन फकत रंग पाह्यते. टरफल, खडे, पिचके दाने, हे त्याले समजत नाई. ते तुमच्या हातानंच काढा लागन. शेटनं म्हनून तर बायका कमी नाई केल्या."

गोजरबाईनं मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला. रंग दिलेला थंड, गुळगुळीत पत्रा. रंग हे पाहणार, उरलेलं बोटांनी करायचं! असं मशीन आपल्यासाठीच कोणी घडवलं की काय, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. बाकीच्या बायकांनी सईदचं म्हणणं उडवून लावलं. विमलबाई तर मशीनजवळून जाताना बोटं मोडायची.

तेच गोजरबाईला सोसेना. एवढ्या बायकांचे तळतळाट, एवढी वाईट नजर! नव्या लेकराला दृष्ट लागते, नव्या गाईला लागते, मग याला लागणार नाही? उद्या दाणे घेणारा मुंबईचा व्यापारी यायचा होता. त्याच्यासमोर मशीन चाललं तर वामनराव ते ठेवणार, नाही तर परत. संध्याकाळी नारळ फुटला, हळदकुंकू झालं, सईदनं कौतुकानं सगळं पाहिलं आणि सांगितलं, "पूजा करा, हार घाला, फकत काचेले हात लावू नका." पण तीट लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी गोजरबाई सगळ्यांच्या आधी आली. लेकीच्या तान्ह्यासाठी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ तिनं डबीतून आणलं होतं. सईद पुढचं झाकण उघडं ठेवून हात धुवायला गेला होता. तिनं चाचपडत पत्रा शोधला, गुळगुळीत लागला, तिथं बोट टेकवलं आणि छान गोल तीट लावली. कानशिलावर बोटंही मोडली.

"कोनाची नजर नको लागू तुले, माह्या राजा," ती म्हणाली.

दहाच्या सुमाराला व्यापारी आला. पांढरंशुभ्र धोतर आणि हातात रुमाल. पडवीतल्या साऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. वामनरावांनी नव्या टोपीवर हात फिरवून खूण केली आणि सईदनं बटण दाबलं. दिवे लागले, पेटी थरथरली, दाणे घरंगळत निघाले.

फुस्स! पहिला दाणा उडाला. फुस्स! दुसराही. मग फुस्स फुस्स फुस्स असा जो धडाका सुरू झाला, तो थांबेचना. काळा उडाला, गुलाबी उडाला, टपोरा उडाला. चांगल्या दाण्यांच्या टोपल्यात एक दाणा पडेल तर शपथ. काही तर व्यापाऱ्याच्या धोतरावर जाऊन आदळले.

"अव माय!" विमलबाई म्हणाली. "हे तर माह्या सासूपेक्षाही खोडीचं निंगालं. याले काहीच पसंत नाई!"

पडवी हसून हसून लोटपोट झाली. व्यापारीही रुमालात हसला. वामनरावांचा चेहरा मात्र उतरला, आणि गोजरबाईला पुढचं कळून चुकलं. मशीन परत जाणार, आता सुपं तपासणार. तिला सुपांचा ढीग आणि मागचं धुळीचं आवार दिसू लागलं, आणि तेवढं मात्र तिला अगदी लख्ख दिसत होतं.

सईदनं बटण बंद केलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं दिवे पाहिले, तारा पाहिल्या, पट्टी काढून पुन्हा लावली. मग वाकून भिंगात पाहिलं आणि तसाच वाकून राहिला.

"शेट," तो हळूच म्हणाला, "काचेवर कोनं तरी काजळ फासलं. काच काळी म्हनून याले सारे दाने काळे दिसून राह्यले."

वामनराव गर्रकन वळले. त्यांची नजर सरळ विमलबाईवर गेली, आणि का जाऊ नये? बोटं मोडणारी तीच, शिव्या घालणारी तीच.

"विमलबाई, हे तुह्यं काम! आजपासून कारखान्यात पाय ठिवू नको."

जिला कधी शब्दांची वाण पडली नाही, त्या विमलबाईला आज एक शब्द सुचेना. गोजरबाईला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती गप्प आहे एवढं कळत होतं, आणि ते गप्प राहणं तिला ऐकवेना. या बाईच्या शेजारी बसून तिनं उभा जन्म काढला होता. गुडघे दुखतात म्हणून रोज संध्याकाळी, कुरकुरत का होईना, गोजरबाईचं सूप ढिगापर्यंत नेऊन ओतणारी हीच विमल.

"तिनं नाई केलं, मालक," गोजरबाई पुढं झाली. "म्या केलं. तीट लावली. याले नजर लागू नये म्हनून."

"तीट?" वामनराव थक्क झाले. "अव, तीट लावाची तर बाजूले पत्र्यावर लावाव! समोरची काच दिसली नाई तुले?"

वर्षभर ज्या शब्दाला गोजरबाई भीत होती तो आता ओठांवर आला होता, आणि परत आत ढकलायचं तिच्यात बळ नव्हतं.

"नाई दिसली," ती म्हणाली. "मले दिसतच नाई, मालक. ते काळे दाने माह्याच सुपातले होते."

मग विमलबाईला वाचा फुटली, आणि अशी फुटली की बांधच फुटला म्हणा.

"काव, तुले काय वाटलं, मले मालूम नव्हतं? रोज सांजच्याले तुह्यं सूप कोन नेत होतं? उगीच नेत होती का मी? खांबामागं बसून सारं निवडत होती, मंग ओतत होती! अन् मी चार दिवस दुसरबीडले काय गेली, तू सारा कारखाना काळा करून ठिवला!"

गोजरबाई तिच्याकडं बघत राहिली. म्हणजे बोटं शहाणी झाली नव्हतीच. तिला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. विमलबाईनं तिला जवळ ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि स्वतःच रडू लागली.

तोवर सईदनं मलमलीच्या फडक्यानं काच पुसून लख्ख केली होती. कोणाला न विचारता त्यानं बटण दाबलं. दाणे घरंगळले. गुलाबी, गुलाबी, गुलाबी, सगळे गुमान खाली. मग फुस्स! एक काळा उडाला. पुन्हा गुलाबी, गुलाबी. फुस्स! व्यापारी टोपल्यावर वाकला, मूठभर दाणे उचलून उजेडात धरले, आणि वामनरावांच्या पाठीवर थाप मारली.

वामनरावांना खरं तर रागवायचं होतं, पण आनंदानं त्यांना ते जमेना.

"काळंगोरं आता हे पाहीन," ते मशीनकडं हात करून म्हणाले. "हातानं समजते तेवढं तुमी पाहा. गोजरबाई, तू तुह्या जागेवर बस. अन् चष्मा करून घे बुवा एखादा. मी काही बोलत नाई."

सईदनं खिशातून खडू काढून पत्र्यावर, काचेपासून चांगला हातभर लांब, एक गोल काढला. गोजरबाईचा हात धरून तिचं बोट त्यात टेकवलं.

"इथं लावजा, मावशी. रोज लावा. नजर तर याले लागनच."

पुढच्या बाजारी विमलबाई तिला रेल्वेनं खामगावला घेऊन गेली. डॉक्टरनं काचा बदलून बदलून पाहिल्या आणि जाड भिंगांचा चष्मा दिला. दुकानाच्या पायरीवर येऊन गोजरबाईनं तो नाकावर चढवला. रस्ता दिसला, टांग्याच्या घोड्याची आयाळ दिसली, पाटीवरची अक्षरं दिसली. मग तिनं शेजारी पाहिलं आणि दचकलीच.

"व विमले! तुह्ये केस कव्हा पांढरे झाले व?"

"तुह्ये काळे दाने निवडू निवडू," विमलबाई म्हणाली, आणि तिचा हात धरून पायरी उतरू लागली.