उन्हात हरलेला कॅमेरा

मी एक डिजिटल कॅमेरा, खिशात मावणारा. माझ्या पोटातला सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारा तुकडा, चांगला अंगठ्याच्या नखाएवढा आहे. हे मिरवायला सांगत नाही. मिरवायचे दिवस गेले.

घरातल्या धाकटीनं मला आणलं. तिचं बघून थोरल्या भावानंही एक आणला. त्याचा सेन्सर मसुराच्या दाण्याएवढा, पण खोक्यावर ठसठशीत छापलेलं : वीस मेगापिक्सेल, म्हणजे उजेड टिपणारे तेवढे ठिपके. माझे दहा. एवढ्याशा बाकावर वीस जण कोंबले तर कुणालाच धड बसता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. थोरल्याला कळलं नाही.

आमची परीक्षा झाली ती गच्चीवर, रखरखत्या उन्हात! तिथं कुणीही पास होतो. दोन्ही फोटो सारखेच आले. थोरल्यानं निकाल दिला, "वीस कुठं, दहा कुठं! वाद कशाला?" मी कपाटात गेलो.

आईला फोटोचं भारी वावडं. घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. शेवटच्या दुखण्यात मात्र तीच म्हणाली, "एक काढा रे माझा. पण खिडकीचा पडदा उघडू नका आणि तो फ्लॅश नको, डोळ्यांना सोसत नाही."

धाकटीनं मला बाहेर काढलं. "दादा, माझ्यानं काढू?"

"तुझा दहाचा राहू दे गं. एकच काढायचाय, चांगला नको का?"

तिच्या मुठीत मी बंद होतो. आईचं हसणं नुसतं ऐकलं. थोरल्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला.

आई गेली. थोरल्यानं भलीमोठी फ्रेम आणली, फोटो मोठा करायला टाकला. फोटो छापून आला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर कुणी मूठभर वाळू फेकल्यासारखं दिसत होतं. अंधारात त्या मसुराएवढ्या सेन्सरला उजेड पुरला नव्हता; डोळेसुद्धा कळेनात. लहान करत करत पोस्टाच्या तिकिटाएवढा केला, तेव्हा कुठं आई ओळखू आली. तेवढीच ती फ्रेमच्या मधोमध आहे. येणारे वाकून बघतात.

आता थोरला पाहुण्यांना सांगतो, "आकड्यांवर जाऊ नका, सेन्सर बघा." बैल गेला आणि झोपा केला! त्याच्या तोंडून माझं कौतुक ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. बाबांनो, आम्हाला पारखायचं तर अंधाऱ्या खोलीत पारखा, आणि वेळेवर पारखा.

परवा सगळे सहलीला गेले. थोरल्यानं मला हातात घेतलं, सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"तू पण ये ना गं," तो बाजूला उभ्या धाकटीला म्हणाला.

"तेव्हा आईचा याच्यानं काढू दिला नाहीस," धाकटी म्हणाली, "आता माझाही नको."

थोरल्यानं तिच्याशिवायच माझं बटण दाबलं. फोटो मात्र फार सुरेख आला.