एकोणचाळीस नंबरची खुंटी

टक्.

वर कुणीतरी थर्मोस्टॅट फिरवला आणि आमच्या पलंगामागच्या भिंतीत फर्नेस धडधडू लागली. जाईने झोपेत कूस बदलली, हात गालाखाली घेतला, परत शांत. आम्हा बेसमेंटवाल्यांना ऊब कधी मिळायची, ते वरचे ठरवतात.

तिची शाळा अर्ध्या दिवसाची. जेवून झोपली की तासभर माझा. आज भांडी सिंकमध्ये तशीच ठेवून लिहायला बसले आहे. काल जे झालं ते नवऱ्याला, स्वानंदला, सांगायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. बिचारा आधीच गप्प गप्प असतो.

आम्ही देश सोडून इकडे वॉनला आलो तेव्हा जाई तीन वर्षांची होती. दर रविवारी आम्ही मॉडेल होम, म्हणजे बिल्डरने नमुन्याला सजवून ठेवलेलं घर, बघायला जायचो. आमच्या ओळखीतले सगळेच जायचे. फिरायला फुकट, पार्किंग फुकट, वर कुकीज. अशाच एका मॉडेल होमच्या स्वयंपाकघरात स्वानंद मला चिडवत होता, "ओटा झकास आहे, पण खाली सिलिंडर कुठे ठेवणार?"

मागून आवाज आला, "इथं सिलिंडर नाय लागत, भाऊ."

ती क्लॅरिसा. वसईची, बिल्डरच्या सेल्स ऑफिसात कामाला. काळा कोट, उंच टाचा, आणि पहिल्याच भेटीत मला बहिणीसारखं 'बाय' म्हणाली. जाई तेवढ्यात मुलांच्या खोलीतल्या पलंगावर जाऊन आडवी झाली होती. मी ओरडले तर क्लॅरिसा म्हणाली, "झोपू दे गं. हे पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतात, खोली मोठी दिसायला. दारंपण काढून ठेवलीत, बघ. तुझा नवरा झोपला तर गुडघ्यापासून खाली बाहेर."

जाई मात्र त्यात अगदी मापात बसली होती. मला वाटतं, आमचं घर तिथेच ठरलं.

सही केली तेव्हा घर फक्त कागदावर होतं. ऑफिसच्या मागे मक्याचं जुनं शेत, त्यात ओळीने लाकडी खुंट्या, खुंट्यांना नारिंगी फिती आणि नंबर. एकोणचाळीस आमची. स्वानंदने तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, जणू खुंटी म्हणजे शाळेत पहिला आलेला मुलगा.

नागपूरहून आईचा फोन. "सही झाली ना? मग भूमिपूजन कधी?"

"आई, इथे बिल्डर बांधतो. आपल्याला काही करावं लागत नाही."

"जमीन कोणाची?"

"आमची. म्हणजे, होणार."

"मग तिला विचारायला नको? तिच्या डोक्यावर चूल मांडणार तुम्ही."

क्लॅरिसाला विचारलं तर तिने कपाळावर हात मारला. "कुंपणाच्या आत कस्टमरला नेता येत नाय. इन्शुरन्सवाले खातील मला." मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "दहा मिनिटं. नि नारळ हळू फोडा." स्वतःही मागे येऊन उभी राहिली, हात जोडून. "आमच्यात फादर येऊन पाणी शिंपडतात. पण घर झाल्यावर. तुम्ही लोक भलतेच घाईचे."

खरंच, घाईचेच. जाईच्या वाळूत खेळायच्या फावड्याने स्वानंदने खड्डा केला. हळकुंड, सुपारी, तांब्याचं नाणं. जाईने भातुकलीतली पितळी कढई आणली होती, आजीने पाठवलेली. ती तिने स्वतःहून आत ठेवली, बाप्पाला खाऊ करायला. मी तिला म्हटलं, "आता बाप्पाला आपला पत्ता सांग, म्हणजे तो आपल्याकडे राहायला येईल." ती मातीवर पालथी पडली, खड्ड्याशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाली, "थर्टी-नाइन!"

आम्ही तिघंही हसलो. क्लॅरिसाने माझ्या हातून प्रसादाचं खोबरं घेतलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सांडपाण्याच्या लाइनची मंजुरी यायची आहे, म्हणून ताबा पुढे गेला. मग आणखी पुढे. मी पडदे घेतले नाहीत, नवीन घराच्या खिडक्यांचं माप वेगळं असणार म्हणून. सोफा घेतला नाही. जाईसाठी पलंगसुद्धा नाही, ती आमच्या मध्येच झोपते. शाळेत 'माय हाउस' काढायला सांगितलं तर तिने हिरव्या मैदानात एक काठी काढली, काठीला नारिंगी फीत. टीचरने मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

या फेब्रुवारीत कळलं की करार रद्द. ठरलेल्या तारखेपर्यंत मंजुरी आली नाही तर बिल्डर करार मोडू शकतो, भरलेले पैसे परत करून. पैसे आले, अगदी वेळेवर. वकील गुजराती, त्यांना भेटलो. ते म्हणाले, "भाईसाहब, सब लिखा हुआ है. साइन तो आपने ही किया है." भांडायला कोणी समोर असावं ना! कोणी नव्हतंच. दरम्यान आजूबाजूची घरं आमच्या हाताबाहेर गेली होती. ज्या रकमेत तेव्हा जिना, अंगण आणि जाईची खोली येत होती, त्यात आता एका खोलीचा कॉन्डो. तोही हायवेच्या कडेला.

त्याच आठवड्यात वरच्या घरमालकीण आंटीजी गाजरहलवा घेऊन खाली आल्या. "बेटा, जून में लड़के की शादी है. नीचे वो दोनों रहेंगे. तुम्हारा तो अपना घर बन ही रहा है ना?"

मी हो म्हटलं. वाटी धुऊन परतसुद्धा दिली.

काल दुपारी क्लॅरिसाचा फोन. "बाय, मंजुरी आली."

मी उठून उभीच राहिले. "आमच्या घराला?" ती घाईने म्हणाली, "तुमच्या घराला नाय गं. नवीन नकाशाला. आता टाउनहाउस करणारेत, अरुंद, एकाला एक चिकटून. सोमवारी मशीन येणार. वीकेंडला इथं गर्दी असेल. तुमचं ते पुरलेलं न्यायचं असेल तर आजच ये. देवाच्या वस्तूवरून बुलडोझर जायचा, मला नाय बरं वाटत."

जाईला उठवलं, फावडं पिशवीत टाकलं, बस पकडली. तेच मॉडेल होम, बोर्ड नवा, नाव नवं. मागे गेलो तर खुंट्याच खुंट्या, आता गुलाबी फितींच्या. पूर्वी दोन होत्या तिथे चार. आमची जागा कुठली तेच कळेना. क्लॅरिसाने जुना नकाशा आणला होता. तो वाऱ्यात फडफडत होता, तिच्या टाचा चिखलात रुतत होत्या. "इथं असेल. नाय, थोडं तिकडं." मी तीन ठिकाणी खणलं. खडे निघाले, मक्याची कुजलेली मुळं निघाली. हळकुंड कधीच मातीत मिसळलं असेल, पण कढई? पितळ कुठे जातं?

"नवीन लिस्टमध्ये नाव घालू?" क्लॅरिसाने हळूच विचारलं. "पहिल्या दिवशी आत सोडेन तुम्हाला."

"केवढ्याला?"

तिने आकडा सांगितला. मला हसू आलं. ती हसली नाही.

"मला कुठं परवडतंय, बाय? मीपण बेसमेंटलाच राहते. दिवसभर लोकांना वॉक-इन क्लॉझेट दाखवते, नि घरी कपडे सुटकेसमध्ये." मग माझ्या हातावरची माती तिने आपल्या रुमालाने पुसली, एकेक बोट धरून. मला आईची इतकी आठवण आली की मी नकाशाकडे बघत राहिले.

"आई! आय फाउंड इट!"

जाई लांब, पावसाचं पाणी साठवायला खणलेल्या तळ्याच्या अगदी कोपऱ्याला उभी होती. खुंट्यांवरचे नंबर वाचत वाचत तिकडे पोचली होती. मी गेले. खुंटीवर खरंच एकोणचाळीस होतं, गुलाबी फीत, नंबराची शाई अजून ओली.

"ही आपली नाही, राणी. नंबर बदललेत."

"बट इट सेज थर्टी-नाइन."

"हो. पण आता इथे दुसरं कुणीतरी राहायला येणार."

"अँड वुई?"

"आपण बघू." हे मी हल्ली फार बोलते.

ती त्या खुंटीजवळ उकिडवी बसली. फीत बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग मला खाली वाकवून माझ्या कानात, जणू मातीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, म्हणाली, "आई, मी बाप्पाला थर्टी-नाइनच सांगितलंय. ही विल कम हिअर, अँड वुई वोन्ट बी होम. मग आपण कुठे राहतो, ते तो कुणाला विचारेल?"