तीन तुकड्यांतली दोरी

अडतीस वर्षं मी टाइल बसवतोय. न्हाणीघरं झाली, स्वयंपाकघरं झाली, दवाखान्याचे जिने झाले. एका माणसानं तर कोंबड्यांच्या खुराड्यात बसवून घेतल्या, त्याही बसवल्या. कोंबड्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार माणसं करतात. तर या कामात मला कोणी शहाणपण शिकवायचं नाही, असं मला वाटायचं. आणि जिथं असं वाटतं तिथंच माणूस तोंडावर आपटतो. मी आपटलो तोही भिंतीवर नाही, फोनवर.

माझी मुलगी आहे, तिला घरात सगळे खडू म्हणतात. रांगायला लागल्यापासून माझ्या पिशवीतला खडू काढायची आणि जमिनीवर रेघा ओढायची. बाकीची पोरं गिरगटतात. ही रेघ ओढायची आणि मान वाकडी करून बघायची, सुतात आहे का. शाळेत मात्र तिची रेघ माझ्यासारखीच, फार लांब गेली नाही.

सहा वर्षं झाली, ती माझ्याबरोबर कामाला येते. गेल्या वर्षी माझे गुडघे संपले. डॉक्टर म्हणाला, उकिडवं बसायचं बंद. मी म्हटलं, मग काय छताला टाइल लावू? तेव्हापासून लावते ती, आणि मी उलट्या बादलीवर बसून बोलतो. बोलायचं काम मला चांगलं जमतं, असं हिच्या आईचं म्हणणं आहे.

हात तिचा माझ्यापेक्षा बरा. हे मी तिच्या तोंडावर बोलत नाही, डोक्यात जाईल. पण लोक फोन करायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, मिस्त्रींना द्या जरा. मिस्त्री बादलीवर बसलेला. काम करणारी फोन धरून उभी. एकही काम तिच्या नावावर येईना.

एक दिवस थापी धुताधुता ती म्हणाली, मोठ्या रस्त्यावरच्या टाइलच्या दुकानात नोकरी आहे, बसून गिऱ्हाईकाला नमुने दाखवायचे. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचंय. तलावाचं काम मिळालं तर नाही म्हणेन, नाही मिळालं तर हो. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? टाइल विकणारे पैशाला पासरी मिळतात. मान वाकडी करून बघणारी एखादीच.

तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव, वर छप्पर असलेला. त्याची एक लांबच लांब भिंत नवी करायची होती. तिथली व्यवस्थापक बाई मोठी खमकी. तिघांनी काम मागितलं होतं. बाईनं खडूला फोनवर सांगितलं, शुक्रवारी पाचला आमच्या पाचजणांची बैठक आहे. कागद पाठवू नका, कोणी वाचत नाही. आम्ही फोनवर तुमची प्रोफाइल उघडून बघणार. सगळ्यात चांगलं काम वरच्या ओळीत ठेवा.

सगळ्यात चांगलं काम कुठलं, यावर वादच नव्हता. कपडे धुण्याचं एक दुकान आहे, यंत्रं ओळीनं लावलेली. तिथल्या बावीस फुटांच्या भिंतीवर खडूनं उरलेल्या टाइलच्या तुकड्यांची कपड्यांची दोरी केली होती. या टोकाला खांब, त्या टोकाला खांब, मधे एक अखंड दोरी, थोडी झोळ पडलेली, आणि तिच्यावर शर्ट, विजारी, फ्रॉक, टॉवेल. मधोमध एक पिवळा मोजा, एकटाच. दुसरा कुठंय, असं गिऱ्हाईकं रोज विचारतात म्हणे.

घोळ असा की ते दुकान म्हणजे बोळ. मागं सरकायला जागाच नाही. कुठंही उभं राहा, एकतर शर्ट दिसेल नाहीतर फ्रॉक. भिंत सबंध अशी कोणी बघितलीच नव्हती, लावणारीनंसुद्धा नाही. मग खडूनं फोन छातीशी धरून यंत्रांच्या कडेकडेनं चालत एक लांबलचक फोटो काढला. पहिल्यात कोणाचे तरी पाय आले. दुसऱ्यात दोरी सापासारखी वळली. चौथ्या खेपेला जमलं. तिनं मला दाखवला, अख्खी भिंत एका नजरेत. मी चष्मा काढून पुसला. धूळ फार असते आमच्या कामात.

पण फोटो टाकायच्या ज्या ॲपवर खडूनं आमच्या कामांची प्रोफाइल केलीय, तिथं ती उघडली की सगळे फोटो चौकोनी दिसतात, एका ओळीत तीन. लांब फोटो टाकला तर मधला चौकोन तेवढा दिसतो. म्हणजे आमच्या बावीस फुटांतून उरला काय, तर पिवळा मोजा. म्हणून खडूनं फोटोचे तीन तुकडे केले. तीन पोस्ट शेजारीशेजारी बसल्या की वरच्या ओळीत सबंध भिंत.

शुक्रवारी आम्ही एका स्वयंपाकघरात होतो. चारला टाइल चिकटवायचा मसाला कालवला, आणि तो असला की अर्ध्या तासात दगड. खडूचे हात कोपरापर्यंत भरलेले. ती म्हणाली, बाबा, फोनमधे तुकडे आहेत, एक, दोन, तीन असे नंबर घातलेत. आधी तीन नंबर टाका, मग दोन, मग एक. मी म्हटलं, हो.

आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

मला सांगा, डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची की नाही? सूत धरायचं, पहिली टाइल लावायची, मग दुसरी. अडतीस वर्षांत शेवटच्या टाइलपासून सुरू करणारा मिस्त्री मी बघितला नाही. मला वाटलं, पोरगी दमली, उलटं बोलून गेली. तिला कशाला लाजवा? मी गुपचूप एक, दोन, तीन असे टाकले. एकेक टाकल्यावर बोटानं हलकंच ठोकलंसुद्धा, रबरी हातोडीनं ठोकतात तसं. आणि फोन खिशात घालून मोठ्या समाधानानं बादलीवर बसलो.

सव्वाचारला हिच्या आईचा फोन. प्रोफाइल तिच्याही फोनवर उघडते. म्हणाली, अहो, दोन्ही खांब मधे आलेत आणि कपडे बाहेर अधांतरी लोंबतायत. एका विजारीचा एक पाय मधे आहे आणि दुसरा पार कडेला. हे असंच आहे का काही फॅशन वगैरे?

बघतो तर खरंच. त्या ॲपची रीतच उफराटी. नवीन येईल तो डाव्या हाताला पुढं घुसतो आणि आधीच्याला ढकलतो. रांग म्हणून काही नाहीच. माझा तीन नंबर पहिल्या जागेवर जाऊन बसलेला आणि एक नंबर शेवटी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

लपवून काय होणार होतं? सांगितलं. खडू टाइल दाबून धरूनच होती, मागं वळली नाही.

“बाबा, मी काय सांगितलं होतं?”

“तीन, दोन, एक.”

“मग?”

“मग मी मिस्त्रीसारखं केलं.”

मी म्हटलं, आता सातजणांनी पसंत केलंय, काढलं तर तेही जाईल. त्या सातांत एक हिची आई होती, ही गोष्ट वेगळी. खडू म्हणाली, “ओलं आहे तोवर उखडा. तुम्हीच म्हणता ना?”

म्हणतो खरं. आणि आपलंच वाक्य आपल्याच डोक्यात थापीसारखं बसलं की बोलायला जागा राहत नाही. उखडले तिन्ही. मग तीन, दोन, एक. या खेपेला कुठं ठोकलं नाही.

साडेचारला भिंत सरळ झाली. खडूनं शेवटची टाइल बसवली, हात धुतले, फोन बघितला आणि म्हणाली, झालं. मी पण बघितलं. आणि माझी मान वाकडी झाली.

दोरी तुटत होती. म्हणजे कशी, केसाएवढी. त्या चौकोनांच्या मधे ॲप स्वतःची एक बारीक पांढरी फट सोडतं. दोरी झोळ खाऊन तिरकी उतरते, फटीशी येते, आणि पलीकडं निघते ती जिथं निघायला हवी त्याच्या जरा वर. विजारही एका फटीएवढी जाड झालेली.

मी म्हटलं, खडू, तू सांधा सोडला नाहीस.

ती म्हणाली, फोटोला कसला सांधा? मी म्हटलं, चित्राच्या टाइल लावतो तेव्हा काय करतो? सांध्याच्या जागी जेवढं चित्र येतं, तेवढं चित्र मारायचं, म्हणजे कापून टाकायचं, तरच रेघ पलीकडं बरोबर निघते. नाहीतर फुलाचा देठ एकीकडं आणि फूल दुसरीकडं. इथं ॲपनं सांधा दिलाय आणि तू चित्र मारलं नाहीस.

“बाबा, पाचला बैठक आहे. एवढं कोणाला दिसणार?”

“तुला दिसत नाही?”

तिनं फोनवर माझी पोलादी पट्टी आडवी धरली, तिरक्या दोरीच्या रेघेत. एक डोळा मिटला. मग खाली बसली आणि फटीची रुंदी मोजायला लागली. चौकोनाची रुंदी, फटीची रुंदी, असा हिशेब तिनं भिंतीवर पेन्सिलीनं मांडला. घरमालकीण दारातून बघत होती, तिला वाटलं तिच्याच भिंतीचं काही चाललंय. मी म्हटलं, बाई, तुमची उत्तम झालीय, ही दुसरीच आहे. खडूनं दोन्ही सांध्यांतनं तेवढं चित्र मारलं, चौकोन पुन्हा सारखे केले, जुने उखडले, नवे लावले. या खेपेला मी फोनला हातही लावला नाही. पाचला दहा कमी होते.

मग पेन्सिलीचे आकडे पुसले आणि बाहेर पायरीवर बसलो. सव्वापाच झाले. ती नखातला मसाला काढत होती. मी म्हटलं, दुकानात बसून काम, गुडघे तरी राहतील तुझे. ती म्हणाली, हो, पंखा पण आहे. मग दोघंही त्या पंख्याचा विचार करत बसलो. असला रुक्ष पंखा मी आयुष्यात डोळ्यासमोर आणला नाही.

पाच वीसला फोन वाजला. तलावाची बाई. खडूनं मला ऐकू येईल असा लावला.

बाई म्हणाली, “चार वीसला मी बघितलं तेव्हा तुमची भिंत उलटी होती.”

मी चपलांकडं बघितलं.

“नंतर बघितलं तर सरळ होती. आणि बैठकीत बघितलं तर आणखी काहीतरी बदललेलं. काय बदललं ते आमच्यात कोणाला सांगता येईना. पण दोरी एका हातानं ओढल्यासारखी दिसत होती.”

खडू म्हणाली, “सांधा धरला नव्हता. धरला.”

मग तिनं समजावून सांगितलं, पट्टी, फट, मारलेलं चित्र, सगळं. बाई ऐकत होती. मग बाईनं जे सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी शॉवरच्या बाजूची भिंत एकानं लावली होती, तीन ओळी तिरक्या. बाईनं त्याच दिवशी सांगितलं, काढा. तो म्हणाला, ओल्या भिंतीवर नजर अशीच फसते, वाळली की सरळ दिसेल. पाच वर्षं झाली, वाळली, अजून तिरकीच. बाईला रोज सकाळी आल्याआल्या तीच दिसते.

“मला चुकणारं माणूस चालतं,” बाई म्हणाली. “पण चुकल्यावर उखडणारं पाहिजे. पाचातल्या तिघांनी तुम्हाला मत दिलंय. चौथ्याला फक्त मोजा आवडला, तो मी धरलेला नाही. पण एक सांगा, उलटी लावली कोणी?”

खडूनं माझ्याकडं बघितलं. मी हातानं नको नको करत होतो.

“आमच्याकडं एक म्हातारा मिस्त्री आहे,” ती म्हणाली.

“तो येणार का कामावर?”

“येईल. माझ्या हाताखाली.”

अडतीस वर्षं. आणि मी हाताखाली. मला राग यायला पाहिजे होता, तशी मी तयारीही केली. पण तोंड हसत होतं, त्याला कोण काय करणार? घरी फोन केला तर हिची आई म्हणाली, बरं झालं, आता सांगितलेलं ऐकावं लागेल.

सोमवारी खडू त्या टाइलच्या दुकानात गेली. नोकरीला नाही म्हणून सांगून आली आणि येताना त्यांच्याकडनंच निळ्या टाइलचे चार नमुने बगलेत मारून आली.

आता एक नवीन भानगड झालीय. प्रोफाइलवर एक फोटो जरी नवा टाकला, तरी सगळी भिंत एक घर सरकते आणि दोरीचं शेपूट खालच्या ओळीत जाऊन पडतं. म्हणून टाकायचे तर तीन तीनच टाकायचे, असा खडूचा कायदा आहे. हिच्या आईनं माझा एक फोटो काढून ठेवला होता, सिमेंटच्या पोत्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला. तो टाकायचाच म्हणून हटून बसली. खडू म्हणाली, टाक, पण जोडीला आणखी दोन लागतील. मायलेकींनी घरभर शोधलं.

तर आता प्रोफाइल उघडलीत की वरच्या ओळीत झोपलेला मी, माझी उलटी बादली आणि माझा गुडघ्याचा पट्टा, असे तिघं आहोत. त्याच्या खाली भिंत, एकदम सुतात. लोकांना आमच्या तिघांत बादली जास्त आवडलीय.