काळूरामचं चकचकीत काळीज

मी आता सांगतो त्यावर तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही. आपल्या बोर्ली पंचतनच्या बाजारात, भर दुपारी, दीडशे माणसांसमोर एका माणसाचं काळीज छातीतून बाहेर न काढता धुऊन निघालं! शुभम, दात काढू नकोस. चहा पी आणि ऐक. आमची बायको ठमाबाई तिकडे वाल सोलत बसलीय, तिलाही यातलं काही माहीत नाही.

माणूस म्हणजे माझा मित्र रघू. दिवेआगरच्या बाजूचा, तुम्ही ओळखत नाही. चालताना छातीत भरून यायचं, म्हणून डॉक्टरांनी त्याला हृदयाचा सीटी स्कॅन करायला लावला. एक शीर निम्मी अरुंद निघाली. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. रघूला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं पोट दुखलं ते शेजारच्या काळूराम तांडेलामुळे.

काळूरामनेही त्याच आठवड्यात स्कॅन केला होता. त्याचा फोटो कसा, तर काचेसारखा! एकेक शीर मोजून घ्यावी. आणि रघूचा? नुसता सांडलेला रवा, जिकडेतिकडे बारीक ठिपके. काळूराम आपला फोटो घेऊन बाजारभर हिंडायचा. लोक उन्हात धरून बघायचे नि म्हणायचे, "तांडेल, काय काळीज हाय तुमचं!"

होडी त्याची मोठी, जावई त्याचा दुबईला, आणि आता काळीजही त्याचंच चकचकीत? रघूने सरळ स्कॅन सेंटरला फोन लावला. "मला किरण कमी सोडलेत तुम्ही! काळूरामला सोडलेत तेवढे मलाही पाहिजेत!" पलीकडून फोन ठेवला गेला.

अशा वेळी बाजारात तेजोनाथ महाराज अवतरले. काळा चष्मा, पुढ्यात शिसवी पेटी, आणि तोंडाला खंड नाही. "हृदय म्हणजे आरसा, बाळांनो! आरशावर धूळ कुणाची? जळणाऱ्या शेजाऱ्याची! यंत्र धूळ दाखवतं, पुसत नाही. पुसायला क्वांटम भस्म लागतं!" क्वांटम म्हणजे काय हे महाराजांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

काळूराम आपल्यावर जळतो, हे ऐकून रघू निम्मा तिथेच बरा झाला. त्याने स्कॅनचं पाकीट पुढे केलं. महाराजांनी ठिपक्यांचा फोटो गर्दीला दाखवला, पाकिटात घातला, पाकीट पेटीत ठेवलं, वर धूप जाळला. धूर निवळल्यावर फोटो काढला. नाव रघूचंच, काळीजही त्याचंच, ठिपके गायब! बायकांनी हात जोडले.

"आता गोळ्या बंद," महाराज म्हणाले. "धुतलेल्या काळजाला औषध लागलं की डाग पडतो."

रघूने गोळ्या बंद केल्या आणि फोटो छातीशी धरून थेट काळूरामचं अंगण गाठलं. पाच-सहा दिवसांत त्याला चढावर दम लागायला लागला. वाटेत बसायचा, पण बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवायचा.

मोहल्ल्यातली मुनिरा त्या सेंटरमध्ये स्कॅनचं मशीन चालवते. ती सुट्टीवर आली होती. तिने फोटो पाहिला आणि रघूला घेऊन बाजारात महाराजांसमोर उभी राहिली.

"पाकिटात आम्ही दोन फिल्म घालतो. दुसरी कुठाय?"

"भस्मात विरली, बेटी."

"पेटी उघडा."

महाराज चुळबुळले. गर्दीतल्या दोघांनी पेटी उलटी केली. खालची फळी निखळली आणि गावच्या काळजांचे ठिपकेवाले फोटो भसाभस बाहेर पडले.

मुनिराने रघूचे दोन्ही फोटो उन्हात धरले. "कोपऱ्यातली वेळ वाचा. सेकंदसुद्धा तोच. स्कॅन एकच झालाय. कॉम्प्युटरवर त्याच्या सुरमईसारख्या पातळ चकत्या पाडल्या की ठिपके दिसतात, जाड पाडल्या की विरून जातात. आणि ही शीर बघा काका. दोन्हीकडे तेवढीच अरुंद."

"पण ठिपके आलेच का?" रघूने विचारलं.

"किरण बेताचे वापरले म्हणून. जास्त सोडले की फोटो छान येतो, पण जास्तीचे किरण अंगाला बाधू शकतात. तुमची शीर तेवढ्यात नीट दिसली. मग जास्त कशाला द्यायचे?"

"मग काळूरामला कशाला दिले?"

"दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही," मुनिरा म्हणाली. काळूरामच पुढे आला. शर्टाचं बटण चाचपत म्हणाला, "माज्या शिरेत जाळी बसवलीय, रघू. दोन वर्सं झाली. त्या जाळीच्या आतलं बघायला जास्त किरण लागतात, म्हणाले. कुणाला सांगितलं न्हाय. निदान फोटो तरी मिरवावा म्हटलं."

महिनाभर रघू ज्याच्यावर जळत होता, तो त्या माणसाचा आजार होता.

म्हणून सांगतो, फोटो देखणा आहे का हे बघू नका, डॉक्टरला त्यात काय दिसलं ते विचारा. दुसऱ्याएवढे किरण मागू नका, आपल्याला लागतील तेवढेच घ्या. आणि गोळ्या बंद कर म्हणणाऱ्याची पेटी आधी उलटी करून बघा. बिचारा रघू भोळा! मी मात्र त्या बाबाला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

ठमाबाईचा वाल सोलणारा हात थांबला.

"खोटं! साफ खोटं! कुठला रघू नि कुठलं दिवेआगर? मग त्या गोळ्या मला तुमच्या उशीच्या अभ्र्यात कशा सापडल्या?"