करंगळीएवढा आवाज

आकाराम दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून बसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी वीतभर लांबीची शिसवी दांडी काढली, तिचे एक टोक टेबलावरच्या काळ्या पेटीला टेकवले, दुसरे उजव्या कानाशी धरले, आणि पूजेला बसलेल्या माणसाने मिटावेत तसे डोळे मिटले.

"आवं काका, काय चाललंय?" दुकानदार दिग्विजय खुर्चीतून अर्धा उठला. "कॉम्प्युटर हाय त्यो, पेशंट न्हाई."

"जरा थांबा की," अंकिता दबक्या आवाजात म्हणाली. "आप्पा ऐकाय लागल्यात."

आकारामांनी डोळे उघडले ते काही क्षणांनी. दांडी धोतराच्या सोग्याला पुसून ते म्हणाले, "मागल्या अंगाचा पंखा एका जागी घासतोय. आज कळायचं न्हाई. चार-सहा म्हैन्यांनी बोंबलंल."

दिग्विजय हसला, परंतु हसता हसताच त्याने यंत्र बंद केले, मागची पट्टी उघडली आणि पंख्याचे पाते बोटाने हळूच फिरवले. एका ठिकाणी बोटाला किंचित अडखळा लागला. त्याने पुन्हा फिरवले. पुन्हा त्याच जागी अडखळा. त्याचे हसू मावळले आणि त्या जागी निखळ कुतूहल उभे राहिले.

"आमचं आजोबा म्हसवडच्या माळावर मेंढरं राखायचं," तो म्हणाला. "दीडशे मेंढरांतनं घंटीच्या आवाजावर सांगायचं, कंचं मेंढरू लंगडतंय. त्यांच्यानंतर असा कान आजच बघितला. बसा काका. चा घ्या."

अंकिता वडिलांकडे पाहून अशी फुलली की जणू प्रशस्तिपत्र तिलाच मिळाले होते.

तो कान साधा नव्हता. माधवनगरच्या कापडगिरणीच्या माग-खात्यात आकारामांनी एकतीस वर्षे जॉबर म्हणून काढली होती. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. दोनशे माग एकाच वेळी धडधडत असताना ते दारात उभे राहत आणि आतल्या ओळीतल्या कोणत्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा तिरका जातो आहे ते पाऊल आत टाकण्यापूर्वी सांगत. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, मग आणखी काही वर्षे त्यांनी खाजगी मागांवर काढली. अखेर तेही संपले. हाती उरली ती ही दांडी, आणि पंचक्रोशीत उरली ती ख्याती. कोणाची विहिरीवरची मोटर कण्हू लागली किंवा पिठाच्या गिरणीचा पट्टा कुरकुरला, की अजूनही माणूस सायकल घेऊन त्यांच्या दारात येई.

म्हणूनच आज अंकितेने "आप्पा, चला, तुमच्या कानानंच घेऊ" म्हटले, तेव्हा ते पहाटेच दाढी करून बसले होते.

अंकितेचे काम होते घरे बांधण्याआधी ती दाखवण्याचे. कागदावरच्या नकाशातून ती पडद्यावर सबंध बंगला उभा करी. दारातून आत नेई, जिना चढवी, खिडकीतून पडणारे ऊनही दाखवी, आणि हे सारे दाखवताना स्वतःच्या आवाजात समजावून सांगे. साताऱ्याच्या एका बांधकाम कार्यालयाला तिची चित्रे पसंत पडली होती. वर्षभराचे काम द्यायची त्यांची तयारी होती. परंतु तिने पाठवलेला नमुना ऐकून तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "चित्रं सुरेख आहेत हो, पण तुमच्या मागे दळण चालू आहे का?" टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर मोठे काम पडले की खरोखरच जात्यासारखा घरघरे. नवा नमुना सोमवारी द्यायचा होता. तोही तसाच गेला, तर काम दुसऱ्याकडे जाणार होते.

तेव्हा हवे होते ते यंत्र तीन गुणांचे: बळ भीमाचे, वाणी मौनी मुनीची आणि देह वामनाचा. देहाची अट घराने घातली होती. दोन खोल्यांच्या त्या घरात नव्या वस्तूला जागा उरली होती ती एकच. पूर्वी जिथे रेडिओ असे, ते भिंतीतले फडताळ. आकारामांनी त्याचे माप सुती धाग्याने घेतले होते. धाग्यावर तीन गाठी होत्या. रुंदीची, खोलीची आणि उंचीची. फूटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "पट्टी परक्या घरची, दोरा आपल्या घरचा," असे ते म्हणत.

चौथी एक अट होती. ती बापलेकींनी कोणाला सांगितली नव्हती. काम आटोपले की अंकिता एक ट्रक चालवण्याचा खेळ खेळे. बर्फाळ घाट, अरुंद पूल, मागे वीस टनांचा माल. एकदा तिने गंमत म्हणून वडिलांच्या हाती तो सोपवला, आणि आयुष्यभर सायकलीवाचून काहीही न चालवलेले आकाराम त्या खेळाच्या असे नादी लागले की त्यांच्या पत्नीला, रंगुबाईंना, जेवणासाठी तीन हाका माराव्या लागत. जुन्या यंत्रावर मात्र घाट चढताना ट्रक मध्येच थिजून उभा राही.

"नव्या मशिनवर घाट एका दमात चढला पायजे," निघताना ते कुजबुजले होते.

"आदी काम, आप्पा."

"व्हय व्हय. आदी काम. मग घाट."

त्यावर आतून रंगुबाई म्हणाल्या होत्या, "घाट चढा न्हाईतर उतरा, काल कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद केला न्हाईसा. डाळीचा गोळा झाला."

"मोजत बसलो न्हाई मी," आकाराम उत्तरले होते, आणि विषय तिथेच सोडला होता.

दिग्विजयने आता दुसरे यंत्र आणले. आकाराने जेवायला बसायच्या पाटाएवढे, उंचीला दोन वीत. आकारामांनी धागा काढून तिन्ही बाजूंना लावला. तिन्ही गाठींच्या आत ते बसले, तेव्हा दिग्विजयसुद्धा टाळी वाजवता झाला. अंकितेने आपला एक बंगला त्यात उघडला. जुन्या यंत्राला ज्या कामास दुपार लागे, ते चहा निवण्याआधी पुरे झाले.

"आप्पा, बघा! पायरीवरची सावली बघा!"

"बघतोय की!" आकाराम तिच्याहून मोठ्याने म्हणाले. "आता घाट!"

दिग्विजयने खेळ सुरू केला. आकारामांनी चष्मा सावरला, ओठ आवळले, आणि ट्रक बर्फाच्या घाटाला लागला. पहिले वळण, दुसरे वळण, खाली धुक्याने भरलेली दरी. ट्रक कोठेही थिजला नाही. पडद्यावर हिमकण इतके स्पष्ट पडत होते की आकारामांनी नकळत सदऱ्याची गुंडी लावली. एका हाताने ट्रक सांभाळत दुसऱ्या हाताने त्यांनी दांडी पेटीला लावली. पंखे वाऱ्यासारखे मऊ फिरत होते. कुठे घासट नाही, कुठे थरथर नाही.

"ह्योच!" ते गर्जले. "झोपल्याल्या पोराच्या छातीवानी चाललाय. बांधा, दिग्विजयराव. ह्योच न्यायचा."

ट्रक घाटमाथ्यावर पोहोचला. विजयी मुद्रेने आकाराम लेकीकडे वळले.

अंकिता हसत होती. परंतु तिच्या भुवया किंचित जवळ आल्या होत्या, आणि डावा खांदा कानाकडे उचलला गेला होता. आकारामांनी दिग्विजयकडे पाहिले. तो पायाने फरशी टोकरत होता आणि करंगळी कानात फिरवत होता.

एकतीस वर्षे आकारामांनी माणसांचे चेहरे वाचले होते. माग-खात्याच्या गडगडाटात शब्द कोणालाच ऐकू जात नसत. तिथे लोक बोटांनी बोलत. अंगठा दाखवला की जाड आवाज, करंगळी कानाशी नाचवली की बारीक आवाज, उघडा तळहात म्हणजे सारे ठीक, चालू दे. अंकिता लहानपणी हीच भाषा घरात बोलत असे. आई डुलकी घेत असली की बापलेकींच्या गप्पा अशाच चालत.

आकारामांनी भुवई उंचावली आणि स्वतःची करंगळी कानाजवळ नेली.

अंकितेने मान खाली घातली. मग तिने हात वर केला आणि करंगळी नाचवली. एकदाच, अगदी हळू.

"कवापासनं?" त्यांनी विचारले.

"घाट चढाय लागल्यापासनं. जोर पडला की शिट्टी वाजतीया, आप्पा. डासावानी. लय बारीक."

शिट्टी. आकारामांना काल स्वयंपाकघरात आपण वर्तमानपत्र वाचत बसलो होतो ते आठवले. कुकर जेमतेम चार हातांवर होता. पाच शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या असे नव्हते. त्यांच्यापुरत्या त्या वाजल्याच नव्हत्या. मागाच्या ताण्यातला एखादा उभा धागा तुटतो, माग मात्र चालूच राहतो. कापड वारच्या वार विणले जाते, आणि त्यात एक बारीक रेघ मोकळी पडत जाते. विणणाऱ्याला ती दिसत नाही. दुसऱ्याने उजेडात धरून दाखवावी लागते.

"काका, तसं काय न्हाई," दिग्विजय घाईघाईने म्हणाला. "लोक ह्या आवाजाकडं लक्ष बी देत न्हाईत."

"माईक देतोय की लक्ष," आकाराम शांतपणे म्हणाले. मग लेकीकडे वळून, "आन तू गप का ऱ्हायलीस गं? मी बांधा म्हणालो, आन तू घिऊन आली असतीस व्हय घरी?"

अंकितेच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "तुमी एवढं खूश झाला हुता…"

"खुळी हाईस. जॉबरची लेक आन माग बिघडल्याला लपवतीस?"

त्यांनी दांडी पुढे केली. गेल्या चार दशकांत ती त्यांच्या खिशातून दुसऱ्याच्या हाती गेली नव्हती.

"घे. जाड मी बघितलं. बारीक तू बघ."

अंकितेने दांडी दोन्ही हातांनी घेतली. वडील बसत तशीच ती गुडघ्यांवर बसली. "पंख्याला लावू नगंस," आकाराम तिला सांगू लागले, "पंखा माझा ऐकून झालाय. जागा बदलत जा. आवाज मोठा हुईल तिथं थांब." दिग्विजयने खेळ चालू ठेवला, ट्रक घाटाला जुंपला. दांडीचे टोक पेटीच्या अंगावरून बोटाबोटाने सरकत गेले आणि एका ठिकाणी थबकले.

"हितं."

"ग्राफिक्स कार्ड," दिग्विजय आश्चर्याने म्हणाला. "त्यात तारंची वेटोळी असत्यात. जोरात वीज धावली की एखादं कार्ड गातं. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं दुसरं गात बी न्हाई."

"एका लाकडाचं दोन धोटं बी सारखं नसत्यात," आकाराम म्हणाले. "दुसरं घाला."

दुसरे कार्ड बसले. पुन्हा तोच बर्फ, तोच घाट. अंकिता डोळे मिटून ऐकू लागली. आकाराम तिच्या मुद्रेकडे पाहत राहिले. त्यांचे स्वतःचे मन यंत्राकडे नव्हतेच. जुना माग सोडून ते नव्या मागापाशी, लेकीच्या चेहऱ्यापाशी, उभे राहिले होते. पहिले वळण गेले, दुसरे गेले. भुवया जवळ आल्या नाहीत. खांदा खाली होता.

अंकितेने उघडा तळहात वर केला.

"नीट ऐकलंस?"

तळहात तसाच राहिला. आणि त्यामागून तिचे हसू असे पसरले की दिग्विजयने विचारल्यावाचूनच खोके उचलून आणले.

परतीच्या रिक्षात खोके आकारामांच्या मांडीवर होते; वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते त्यावर हात धरत. घरी रंगुबाईंनी त्या पेटीला हळदकुंकू लावले आणि "ह्यो तरी डाळ जाळणार न्हाई न्हवं?" असे विचारले. फडताळात यंत्र बसले, दोन्ही अंगांना बोट-बोट वारा राखून.

सोमवारी सकाळी अंकिता नमुना बोलायला बसली. दार लोटून घेतले होते. आकाराम कोपऱ्यातल्या स्टुलावर श्वास आवरून बसले. लेकीचे ओठ हलत होते, पडद्यावरचे चित्र बंगल्याचा जिना चढत होते. यंत्र चालू आहे की नाही हे त्यांच्या कानांना कळणे शक्य नव्हते. म्हणून तो तीन गाठींचा धागा त्यांनी यंत्राच्या वारा सोडणाऱ्या जाळीला बांधून ठेवला होता. धाग्याचे टोक मंद मंद थरथरत होते.

नमुना गेला. दुपारी त्या बाईंचा फोन आला. त्यांनी चित्रांविषयी बोलण्याआधी एवढेच विचारले, "आज गिरणी बंद आहे वाटतं?" अंकितेने फोन हातात धरूनच उडी मारली.

संध्याकाळी ती ट्रक घेऊन घाटाला लागली होती. "आप्पा, पुढचं वळण तुमचं!" म्हणून तिने हाक मारली. आकाराम उठले, पण तिच्याकडे गेले नाहीत. रंगुबाई शेजारी गेल्या होत्या, आणि गॅसवर कुकर होता. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, माग-खात्याच्या दारात उभे राहत तसे.

कुकरवरचे वजन हलले आणि वाफेचा पांढरा झोत छताकडे उठला. आकारामांनी एक बोट मिटले.

झोत बसला. ते वाट पाहत राहिले.

पुन्हा वाफ उठली. त्यांनी दुसरे बोट मिटले.