खिळ्यावरची नान

जर्दाळू वाळत घालायचे दिवस होते. ओसरीवर चहा-खाण्याचं दस्तरखान पसरलं होतं आणि अंबर मावशी चहाचे घुटके घेत सनवबरच्या मुलीसाठी, मुकद्दससाठी, स्थळ सांगत होती.

"माणूस बाजारातला. गाडी आहे. मुकद्दसला वेगळं घर देईल."

"वेगळं कशाला?"

"अगं, पहिली आहे ना घरात! पण गरीब बाई. तोंडातून शब्द काढत नाही."

सनवबरचा पारा चढला. "माझी पोर दुसरी बायको होईल?"

"लग्नाची पोरं सगळी कामाला रशियात. उरलेल्यांतून निवडत बसायला तू कोण? मुल्ला निकाह लावेल, झालं. सरकारी नोंदणीचा कागद हवाय कुणाला?"

"कागद नको? आणि उद्या त्यानं तीनदा तलाक म्हणून हाकललं तर? माझी लेक काय फुकटची मोलकरीण आहे?"

चहा ओतणारी सून, जेवर, थबकली. मग तिने पेला भरला, सासूपुढे ठेवला आणि तंदुराकडे निघून गेली. अंबरही तणतणत उठली. सनवबरला मात्र पेल्याला हात लावायचा धीर होईना.

जेवरचा निकाह याच ओसरीवर लागला होता. नोंदणीचं तिच्या वडिलांनी दोनदा काढलं, तेव्हा "कागद काय, नंतर करू" म्हणणारी सनवबरच होती. दोन मुलं झाली. मग सनवबरचा मुलगा सियावुश बांधकामावर रशियात गेला. निघताना त्याने रिवाजाप्रमाणे नानचा एक घास दातांनी तोडला. उरलेली नान आईने भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. ती त्याने परत आल्यावर खायची, तोवर कुणी हात लावायचा नाही.

तो परतला नाही. तिथे त्याने दुसरं लग्न केलं, रीतसर कागद करून. वसंतात त्याचा फोन आला होता. "आई, जेवरला सांग, माझ्याकडून तीन तलाक." सनवबरने सांगितलं नाही. सुनेची दया येते, अशी तिने स्वतःची समजूत घातली. गाय जेवर पिळायची, कापूस जेवर वेचायची, नान जेवर भाजायची, हे तिने मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

ती तंदुरापाशी गेली. "जेवर, सियावुशने वसंतात..."

"ठाऊक आहे." जेवरने वळूनही पाहिलं नाही. "त्यानं तलाक आधी मलाच मोबाईलवर लिहून पाठवला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता. मला वाटलं, आई मला लेकीसारखी ठेवून घेतेय. माहेरी भावांनाच जागा नाही, मी पोरांना घेऊन कुठं जाणार होते? म्हणून गप्प राहिले." तिने कणकेचा गोळा थापला. "आज कळलं, फुकटची मोलकरीण कुणाला म्हणतात ते."

सनवबरची मान खाली गेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. सगळं तर तिच्याच तोंडून निघालं होतं.

ती घरात गेली. खिळ्यावरची नान उतरवली. दगडासारखी झाली होती. लेकाच्या दातांची खूण दिसली तसे तिचे डोळे भरून आले, पण तिने ती बाहेर आणली आणि पाण्यात भिजवून कोंबड्यांपुढे ठेवली.

जेवर घाबरली. "आई! हे काय केलंत?"

"उद्या माझ्याबरोबर कोर्टात चल. निकाह माझ्यासमोर लागला. या पोरांचा बाप कोण, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचा खर्च त्यानं द्यायचा. आणि तू या घरात राहायचंस की नाही, ते तू ठरवायचं. राहिलीस तर खोली तुझ्या नावावर, कागदावर."

"पोटच्या पोराविरुद्ध उभ्या राहाल? गाव काय म्हणेल?"

"आजवर मी दुसऱ्यांच्या घराबद्दल जे म्हणत आले, तेच."

जेवरने आभार मानले नाहीत, ती कणीक थापत राहिली. सून आल्यापासून सनवबरने तंदुरात हात घातला नव्हता. तिने बाह्या वर सारल्या आणि परातीतला एक गोळा उचलला. क्षणभर थांबून जेवर थोडी बाजूला सरकली.