सुई खरी की गोळी

मनकर्णाबाईच्या हातची सुई घ्यायला बाया पंधरा-पंधरा मैल पायी येत. सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेल्या लहानशा दवाखान्यात ती नऊ वर्षं नर्स होती. अंगात रक्त नाही म्हणून पांढरीफटक पडलेली बाई लिव्हरच्या अर्काची तांबूस सुई घेऊन महिन्याभरात धानाच्या बांधीत, भातखाचरात, कशी उभी राहते, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. औषधाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे 'मनकर्णाबाईची सुई'च म्हणत.

१९५७ च्या जानेवारीत गुणवंतराव हे नवे डॉक्टर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, बायांना ताकद सुईनं येते, की सुईवरच्या भरवशानं? मनकर्णाच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती म्हणाली, "पाहून घ्या तुमीच, डाक्टर जी."

डॉक्टर तर याचीच वाट पाहत होते. लोहाच्या साध्या गोळ्या रोज घेतल्या तर सुईची गरजच उरणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. पण अंदाजावर त्यांना थांबायचं नव्हतं. चाळीस बाया घ्यायच्या. प्रत्येकीला दर आठवड्याला सुई आणि रोज गोळी, दोन्ही द्यायचं. पण चिठ्ठ्या टाकून वीस जणींची सुई खरी ठेवायची आणि गोळी पोकळ, म्हणजे बिनऔषधाची; उरलेल्या वीस जणींची गोळी खरी आणि सुईत नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते ना बायांना कळणार, ना मनकर्णाला, ना डॉक्टरांना. ज्यांची तब्येत फारच खालावली होती त्यांना डॉक्टरांनी यात घेतलं नाही, थेट चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं.

त्यांनी बाजाराच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली बायांना बसवून हे सगळं उघड सांगितलं. एकाच बांधीत खत टाकलं आणि पीक जोरात आलं, तर ते खतानं आलं की पावसानं, हे कसं कळेल? म्हणून शेजारची बांधी बिनखताची ठेवावी लागते. बायांना हे चटकन पटलं. बुधरी नावाची गोंड बाई सर्वांत पुढं बसली होती. दम लागून तिला पाण्याची घागरही उचलवत नव्हती. ती म्हणाली, "सुई खरीच असन, मले मालूम आहे. लिहा माझं नाव."

सगळं गुपित एकट्या देवाजी कंपाउंडरजवळ होतं. सुईतला रंग दिसू नये म्हणून तो मागच्या खोलीत काचेच्या नळीला कागद गुंडाळून सुया भरून देई. लोहानं शौचाला काळं होतं, म्हणून पोकळ गोळीत त्यानं कोळशाची पूड घातली होती. चिठ्ठ्यांच्या यादीची एक प्रत त्याच्यापाशी होती, दुसरी लाखेनं बंद करून डॉक्टरांच्या कपाटात ठेवली होती. आठ आठवडे देवाजी मनकर्णापासून तोंड लपवत राहिला. चहा घ्यायला आला तरी पाठ करून बसे, कारण त्याच्या चेहऱ्यावरून ती ओळखेल याची त्याला धास्ती होती.

मनकर्णाचा जीव मात्र रोज वरखाली होत होता. दुसऱ्याच आठवड्यात बाया सांगू लागल्या, भूक लागते, चक्कर येत नाही. ते ऐकून तिची छाती फुगे. पण ती ते वहीत लिहायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की चाळीसपैकी पस्तीस जणींना बरं वाटत होतं. म्हणजे पोकळ सुईवाल्यांनाही वाटत होतं, आणि पोकळ गोळीवाल्यांनाही.

खरा निकाल रक्ताचा होता. बोटातून काढलेला थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि छापील पट्टीवरच्या, दहापासून शंभर टक्क्यांपर्यंतच्या दहा लाल छटांशी ताडून पाहायचा. आठव्या आठवड्यात काही थेंब पूर्वीसारखेच फिके उतरले, तर काही असे गडद, की तिनं खिडकीजवळ नेऊन दोनदा पाहिले.

शेवटी तो दिवस आला. भर दुपारी डॉक्टरांनी लाख फोडली. यादीतून ते एकेक नाव वाचत आणि मनकर्णा वहीतला आकडा सांगे. पहिलं नाव सोमारीचं: खरी सुई, आणि रक्त पंचेचाळीसवरून पन्नासवर. दुसरं नाव बुधरीचं: खरी गोळी, आणि रक्त चाळीसवरून सत्तरवर. दहाव्या नावाला ती उठून उभी राहिली. विसाव्या नावापर्यंत तर नाव ऐकताच, डॉक्टरांनी पुढचं वाचायच्या आधीच, सुई की गोळी ते तिला आकड्यावरून कळू लागलं. गोळीवाल्या जवळजवळ सगळ्या वर गेल्या होत्या. सुईवाल्या होत्या तिथंच घोटाळत होत्या.

नऊ वर्षांची तिची सुई! मग तिच्या मनात आलं, गोळी तर पिशवीत मावते. गोळीसाठी कुणाला पंधरा मैल चालत यायला नको. जंगलातल्या ज्या गावांतून बाया इथवर पोचूच शकत नाहीत, तिथं ती स्वतः जाऊ शकते.

"किती गोळ्या आहेत जी आपल्यापाशी?" तिनं देवाजीला विचारलं. देवाजी आठ आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून हसला आणि डबे मोजायला धावला. पोकळ गोळीवाल्या वीस जणींना खऱ्या गोळ्या पाठवण्याची सोय त्या दुपारीच झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून मनकर्णा बैलगाडीनं बुधरीच्या गावी पोचली. बुधरी डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसली. मोळी उतरवून बुधरीनं सांगितलं, की सुईनंच आपण उठलो. मनकर्णानं तिला जवळ बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, तुझ्या सुईत मिठाचं पाणी होतं.

बुधरीनं सुई टोचलेली जागा चोळली. "मंग दुखे काऊन एवढी?"

मनकर्णाला हसू आवरेना. बुधरीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं झोपडीकडे तोंड करून आपल्या जावेला हाक मारली. जाऊ भिंतीला धरून बाहेर आली, ओठ पांढरे. मनकर्णानं पिशवी उघडली.